बोलण्याचा हक्क आणि त्याची मर्यादा

(आपल्या राज्यघटनेने प्रत्येक नागरिकाला आपले विचार मांडण्याचा हक्क दिला आहे. या हक्काला मर्यादा का आहेत आणि त्या कोठे सुरू होतात, याची माहिती या पाठात दिली आहे.)

'कायदा' हा शब्द तुम्ही मराठी शिकण्याच्या आधीपासून ओळखता. उर्दू वाचायला शिकताना जे पहिले पुस्तक तुम्ही हातात घेतले, त्याचे नावच 'कायदा' होते. मराठीत मात्र 'कायदा' म्हणजे कानून. हक्क, गुन्हा, वकील, फिर्याद, जामीन, अफवा असे कितीतरी शब्द या दोन्ही भाषांत आहेत. त्यांपैकी 'हक्क' आणि 'कायदा' यांचे एकमेकांशी काय नाते आहे, हे आज आपण पाहू. त्यासाठी बोलण्याच्या हक्काचे उदाहरण घेऊ.

भारताची राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. तिच्या अनुच्छेद १९ मध्ये सर्व नागरिकांना भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिलेले आहे. अभिव्यक्ती म्हणजे मनातील विचार प्रकट करणे. भाषण, लेख, चित्र, नाटक, चित्रपट, घोषणा हे सगळे तिच्यात येते. सरकारचे एखादे धोरण चुकले असे वाटले, तर तसे उघडपणे सांगणे हाही आपला हक्क आहे.

हा हक्क आपल्याला सहज मिळालेला नाही. १९०८ साली लोकमान्य टिळकांवर 'केसरी'तील लेखांबद्दल राजद्रोहाचा खटला झाला आणि त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. ती त्यांनी ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात भोगली. त्याच वर्षी मौलाना हसरत मोहानी यांना 'उर्दू-ए-मुअल्ला' या आपल्या मासिकातील लेखासाठी तुरुंगात जावे लागले. तेथे त्यांना जात्यावर धान्य दळावे लागे. १९२२ साली महात्मा गांधींना सहा वर्षांची आणि मौलाना अबुल कलाम आझाद यांना एक वर्षाची शिक्षा झाली. यांपैकी कोणीही हिंदू आणि मुसलमानांत भांडण लावले नव्हते. त्यांनी परकीय सरकारवर टीका केली होती. सत्ताधाऱ्यांना न आवडणारा प्रत्येक शब्द गुन्हा ठरू लागला, तर काय होते ते आपल्या देशाने असे अनुभवले आहे.

मग बोलण्याच्या हक्काला मर्यादाच नसावी काय? घटनाकारांना तसे वाटले नाही. अनुच्छेद १९ च्या दुसऱ्या खंडात आठ कारणे सांगितली आहेत. देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी ही ती कारणे होत. या कारणांसाठीच बोलण्यावर निर्बंध घालता येतो. तो कायद्याने घातलेला असावा लागतो आणि 'वाजवी' असावा लागतो. वाजवी म्हणजे योग्य आणि गरजेपुरता. एखादा निर्बंध वाजवी आहे की नाही, हे शेवटी न्यायालय ठरवते.

या आठ कारणांपैकी आपल्या रोजच्या जीवनाशी सर्वांत जवळची दोन आहेत : सार्वजनिक सुव्यवस्था आणि गुन्ह्याला चिथावणी. चिथावणी म्हणजे काय, हे एका उदाहरणाने समजून घेऊ. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने स्वातंत्र्याविषयीच्या आपल्या ग्रंथात ते दिले आहे. हा ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाला. समजा, एकाने वर्तमानपत्रात लिहिले, की धान्याचे व्यापारी गरिबांची उपासमार करतात. हे त्याचे मत झाले. ते चुकीचे असेल, तर दुसरा त्याला उत्तर देईल. पण हेच वाक्य व्यापाऱ्याच्या दारासमोर जमलेल्या संतापलेल्या जमावापुढे कोणी ओरडून सांगितले, तर? आता ते केवळ मत राहत नाही. पुढच्याच क्षणी दार फुटेल आणि आत राहणाऱ्या माणसांचा जीव धोक्यात येईल. वाक्य तेच आहे, पण वेळ, जागा आणि ऐकणारे बदलले. म्हणून बोलणाऱ्याची जबाबदारीही बदलली.

व्यापारी हा निदान धंद्यावरून ओळखला जातो. एखाद्या माणसाला त्याच्या जन्मावरून शत्रू ठरवले, तर त्याला सुटकेचा मार्गच उरत नाही. आफ्रिकेतील रवांडा या लहानशा देशात १९९४ साली हे घडले. तेथील एका रेडिओ केंद्रावरून तुत्सी लोकांना 'झुरळे' म्हटले जात असे. आधी थट्टा झाली, मग संशय पसरवला गेला आणि शेवटी त्यांना मारण्याची उघड चिथावणी दिली गेली. सुमारे शंभर दिवसांत अंदाजे आठ लाख माणसे मारली गेली. पुढे २००३ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने रेडिओशी संबंधित दोघांना आणि एका नियतकालिकाच्या संपादकाला दोषी ठरवले. माणसाला कीटक म्हणण्यापासून सुरुवात झाली, की ती कोठवर जाते, हे या घटनेवरून दिसून येते.

आपल्या देशात अशा बोलण्याला आळा घालणारे कायदे जुने आहेत. भारतीय दंड संहितेत १८९८ साली कलम १५३ अ घालण्यात आले. धर्म, वंश, जन्मस्थान, भाषा, जात अशा कारणांवरून लोकांच्या गटांत शत्रुत्व पसरवणे हा त्यानुसार गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम १९६ मध्ये हाच गुन्हा सांगितला आहे आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची शिक्षा होऊ शकते. प्रार्थनास्थळात हा गुन्हा केला, तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढते. मोबाइलवरून पाठवलेला संदेशही या कलमातून सुटत नाही.

दुसरे कलम धार्मिक भावनांविषयी आहे. त्याचा इतिहास लक्षात ठेवण्यासारखा आहे. लाहोरमध्ये हजरत पैगंबरांविषयी अवमानकारक मजकूर असलेले एक पुस्तक छापले गेले होते. त्या वेळच्या कायद्यात हा गुन्हा बसत नाही, असे म्हणून १९२७ साली लाहोरच्या उच्च न्यायालयाने प्रकाशकाला सोडून दिले. लोकांत मोठी खळबळ माजली. तेव्हा त्याच वर्षी मध्यवर्ती कायदेमंडळाने कलम २९५ अ मंजूर केले. कायद्यातील उणीव कायद्यानेच भरून काढण्यात आली. पण १९२९ साली त्या प्रकाशकाचा खून झाला आणि खून करणारा तरुण फासावर गेला. छापलेला एक शब्दही त्यामुळे पुसला गेला नाही. दोन जीव मात्र गेले. तेच कलम आज न्याय संहितेत कलम २९९ म्हणून आहे आणि ते सर्व धर्मांच्या लोकांना सारखेच संरक्षण देते.

या कलमाचा अर्थ मात्र नीट समजून घेतला पाहिजे. कोणाचे मन दुखावले, एवढ्यावरून गुन्हा सिद्ध होत नाही. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेल्या अपमानालाच हे कलम लागू होते. अभ्यासकाने प्रामाणिकपणे मांडलेले मत, नकळत झालेली चूक किंवा धर्मसुधारणेविषयीची चर्चा यांना ते लागू नाही. तसे नसते, तर अनिष्ट रूढींवर टीका करणाऱ्या प्रत्येक समाजसुधारकाला तुरुंगात जावे लागले असते.

१९८८ सालची एक गोष्ट पाहा. त्या वर्षी दूरदर्शनवर 'तमस' ही मालिका दाखवली जात होती. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवर आधारलेली ही मालिका गोविंद निहलानी यांनी दिग्दर्शित केली होती. फाळणीच्या वेळच्या दंगली तिच्यात दाखवल्या होत्या. त्या पाहून लोक भडकतील, म्हणून मालिका बंद करावी, अशी मागणी मुंबईच्या उच्च न्यायालयात झाली. दोन न्यायमूर्तींनी स्वतः ती मालिका पाहिली आणि मागणी फेटाळली. सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला. दंगल दाखवणे म्हणजे दंगल पेटवणे नव्हे. लोकांना कोण आणि कसे भडकवते, हे उघड करून दाखवणारी कलाकृती लोकांना सावध करते, असे न्यायालयाला दिसून आले. अशा वेळी शहाण्या आणि खंबीर मनाच्या माणसाला काय वाटेल ते पाहावे, प्रत्येक गोष्टीत धोका पाहणाऱ्या भित्र्या माणसाचे माप लावू नये, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले.

कायद्याचा चुकीचा वापरही होऊ शकतो. २०१२ साली मुंबईत एका मोठ्या नेत्याच्या निधनानंतर शहर बंद राहिले. त्याविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्यांना पसंती दर्शवली. दोघींनाही अटक झाली. त्यांच्या अटकेत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ वापरले गेले होते. या आणि अशा घटनांनंतर ते कलम सर्वोच्च न्यायालयापुढे आले. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते रद्द केले. त्या निकालात न्यायालयाने तीन पायऱ्या सांगितल्या : चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी. एखाद्या विषयावर चर्चा करता येते. एखादे मत कितीही अप्रिय असले, तरी त्याचा पुरस्कार करता येतो. तिसऱ्या पायरीवर, म्हणजे चिथावणीवर पाय पडला, की कायदा आडवा येतो.

आता प्रश्न असा, की ही तिसरी पायरी आपण कशी ओळखावी? कोणी भाषण करत असेल किंवा मोबाइलवर संदेश आला असेल, तर मनात तीन प्रश्न विचारावेत. पहिला, हे बोलणे एखाद्या कृत्याविषयी आहे, की एका संपूर्ण समाजाविषयी? दुसरा, हे बोलणे मला विचार करायला लावते, की कोणाचे तरी नुकसान करायला सांगते? तिसरा, ते आत्ताच आणि येथेच का पसरवले जात आहे? या प्रश्नांची उत्तरे वाईट आली, तर तो संदेश पुढे पाठवू नये. तो पाठवणाराही जबाबदार धरला जाऊ शकतो. घरातील मोठ्या माणसांना किंवा शिक्षकांना तो दाखवावा. गंभीर बाब असेल, तर मोठ्यांनी पोलीस ठाण्यात तक्रार करावी. संताप आला, तरी तशाच भाषेत उत्तर देऊ नये, कारण दोन चिथावण्या मिळून न्याय होत नाही.

हे तीन प्रश्न परक्यांच्याच बोलण्याला लावायचे नाहीत. आपल्या गल्लीत, आपल्या मित्रांत, आपल्या भाषेत कोणी दुसऱ्या समाजाला नावे ठेवत असेल, तर तेथेही हीच कसोटी लावली पाहिजे. जे माप आपण दुसऱ्याला लावतो, तेच स्वतःला लावणे म्हणजे इन्साफ.

शिक्षा हा शेवटचा उपाय असतो. वाईट शब्दाला चांगल्या शब्दाने वेळेवर उत्तर दिले, तर शिक्षेची वेळच येत नाही. भिवंडी शहराने १९७० आणि १९८४ साली भयंकर दंगली पाहिल्या होत्या. १९८८ नंतर तेथील पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. दोन्ही समाजांचे सामान्य लोक आणि पोलीस नियमित एकत्र बसू लागले. एखादी अफवा उठली, तर ती खरी की खोटी, हे समोरासमोर विचारता येऊ लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली होती, तेव्हा जवळचे भिवंडी शांत राहिले. तेथे कोणी कोणाचे तोंड बंद केले नव्हते. लोकांनी एकमेकांशी बोलणे सुरू ठेवले होते.

मराठीत एक म्हण आहे : उचलली जीभ, लावली टाळ्याला. विचार न करता बोलणाऱ्याला आपण असे म्हणतो. कायदा प्रत्येक वेळी अशा जिभेला अडवू शकत नाही आणि त्याने तसे अडवूही नये. कायदा शेवटच्या पायरीवर उभा असतो. त्याच्या आधीच्या सगळ्या पायऱ्यांवर आपले आपणच राखणदार असतो.

शब्दार्थ

चिथावणी – भडकावणे, वाईट कामाला उद्युक्त करणे
निर्बंध – बंधन, पाबंदी
वाजवी – योग्य, मुनासिब
सुव्यवस्था – शांतता व शिस्त
उणीव – कमतरता
पुरस्कार करणे – (येथे अर्थ) एखाद्या मताची बाजू घेणे
कसोटी – पारख, परीक्षा
राखणदार – रखवाली करणारा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भाषणाचे स्वातंत्र्य घटनेच्या कोणत्या अनुच्छेदात दिले आहे?
(आ) हसरत मोहानी यांच्या मासिकाचे नाव काय होते?
(इ) 'तमस' ही मालिका कोणाच्या कादंबरीवर आधारलेली होती?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) धान्याच्या व्यापाऱ्याच्या उदाहरणात वाक्य तेच असूनही जबाबदारी का बदलली?
(आ) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेल्या तीन पायऱ्या उदाहरणे देऊन स्पष्ट करा.

३. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत असलेले पाच शब्द पाठातून शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

४. चर्चा करा : 'माझ्या मनाला लागले' आणि 'हा गुन्हा आहे' या दोन वाक्यांत काय फरक आहे?