मोबाइलच्या स्क्रीनमध्ये ऊर्जा कशी धावते? करंजा बंदरातल्या बोटींवरून समजून घ्या

करंजा बंदरात बोटी एकमेकींना खेटून लागल्या की, पलीकडच्या बोटीवर जायला एकीवरून दुसरीवर पाय टाकत जावे लागते. तुमच्या मोबाइलला ओएलईडी स्क्रीन असेल, तर तिच्यातही ऊर्जा काहीशी अशीच पुढे सरकते.

एक्सायटॉन म्हणजे काय?
सिलिकॉनच्या स्फटिकात अणू शिस्तीत बसलेले असतात. ओएलईडीतल्या सेंद्रिय अर्धवाहकात मात्र कार्बनयुक्त रेणू वेडेवाकडे पसरलेले असतात. वीज दिली की इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा, म्हणजे 'होल', यांची जोडी जमते. हाच एक्सायटॉन. तो या रेणूवरून त्या रेणूवर उड्या मारतो आणि विझताना प्रकाश देतो.

अडते कुठे?
सगळ्या बोटींची उंची सारखी नसते. खालच्या बोटीवर उतरणे सोपे, वर चढायला लाटेचा धक्का लागतो. तसेच प्रत्येक रेणूची ऊर्जा थोडी वेगळी असते. एक्सायटॉन कमी ऊर्जेच्या रेणूवर घसरतो आणि अडकतो. बाहेर पडायला उष्णतेचा धक्का लागतो. त्यामुळे त्याचा प्रवास बहुधा 10 नॅनोमीटरच्या आसपासच संपतो. केसाची जाडी याच्या हजारो पट असते.

सोलरला फटका का?
सेंद्रिय सोलर सेलमध्ये उलटे घडते. प्रकाशातून एक्सायटॉन तयार होतो. दोन पदार्थांच्या सीमेवर पोहोचला तरच तो फुटून वीज मिळते. पण पुरेसा प्रकाश शोषायला सुमारे 100 नॅनोमीटर जाडीचा थर लागतो. चिंग तांग यांच्या 1986 मधील दोन थरांच्या सेलची कार्यक्षमता म्हणूनच सुमारे 1 टक्का होती. 1995 मध्ये दोन्ही पदार्थ एकत्र मिसळण्याची युक्ती पुढे आली. सीमा सगळीकडे हाताशी आली. आज प्रयोगशाळेत ही कार्यक्षमता 19 टक्क्यांपुढे गेली आहे. आयआयटी मुंबईतही प्रा. दिनेश काब्रा यांचा गट या क्षेत्रात काम करतो.

मग पत्र्यावर का दिसत नाही?
प्रश्न टिकण्याचा आहे. ओलावा आणि ऑक्सिजन या रेणूंना खराब करतात. खाडीकाठच्या दमट हवेत सेल घट्ट सीलबंद ठेवावा लागतो.

तुमच्यासाठी काय?
निळ्या प्रकाशाच्या एक्सायटॉनमध्ये ऊर्जा जास्त असते. ते एकमेकांवर आदळले की रेणूंचे बंध तुटू शकतात. म्हणून निळे पिक्सेल लवकर थकतात. ब्राइटनेस गरजेपुरताच ठेवा, एकच चित्र तासन्‌तास स्क्रीनवर ठेवू नका. स्क्रीनवर डाग उमटायला उशीर लागेल.