अब्बासी नील-श्वेत मृत्पात्री

अपारदर्शक पांढऱ्या झिलईवर कोबाल्टच्या निळ्या रंगाने नक्षी काढलेली नवव्या शतकातील इराकी भांडी. अब्बासी खलिफांची राजधानी (८३६–९२) असलेल्या सामर्रा येथे हेर्त्सफेल्ट व झारे यांनी १९११–१३ मध्ये केलेल्या उत्खननात त्यांचे अवशेष मिळाल्याने ती दीर्घकाळ ‘सामर्रा भांडी’ म्हणून ओळखली गेली. मातीच्या सूक्ष्मदर्शकीय परीक्षणावरून मात्र त्यांचे मुख्य निर्मितिस्थान बसरा हे ठरते.

चीनमधून समुद्रमार्गे येणाऱ्या शुभ्र भांड्यांना इराकमध्ये मोठा मान होता. तशी भांडी घडविण्यास लागणारी केओलीन माती बसऱ्यास नव्हती. स्थानिक माती भाजल्यावर पिवळसर होई. तेथील कुंभारांनी झिलईत कथिलाचे ऑक्साइड मिसळून ही अडचण दूर केली. त्याचे सूक्ष्म कण झिलईत न विरघळता प्रकाश विखुरतात व खालची माती झाकली जाते. वाडग्याचा घाटही, बाहेर वळलेल्या काठासकट, चिनी वळणाचा आहे. नक्षी न भाजलेल्या झिलईवरच काढीत. भाजताना कोबाल्ट झिलईत पसरून रेषांच्या कडा टीपकागदावरील शाईसारख्या फुटत. हा दोष खरा. पण आकृत्या मोजक्या ठेवून व भोवतीचा पृष्ठभाग मोकळा सोडून कारागिरांनी त्यालाच शोभा आणली. अर्धताडपत्रे, पर्णशाखा आणि कुफी लिपीतील आशीर्वचन अथवा कारागिराचे नाव एवढाच बहुधा त्यांचा विषय असे.

शुभ्रता चीनची व निळाई इराकची, ही जुनी विभागणी आता तशीच स्वीकारता येत नाही. इंडोनेशियातील बेलितुंग बेटानजीक १९९८ मध्ये सापडलेल्या, सु. ८३० मध्ये बुडालेल्या जहाजात हजारो चिनी भांड्यांबरोबर तीन नील-श्वेत तबकड्या मिळाल्या. त्या हनान प्रांतातील गुंगश्यान येथील भट्ट्यांच्या मानल्या जातात. परंतु त्यांवरील चौकट व पर्णशाखा यांची नक्षी पश्चिम आशियाई अभिरुचीची आहे. दोन्हीकडचे कुंभार एकाच व्यापारमार्गावरील गिऱ्हाइकांसाठी काम करीत होते, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल.

पुढे इराणात क्वॉर्ट्‌झच्या चूर्णापासून केलेल्या पांढऱ्या भांड्यांवर पारदर्शक झिलईखाली निळे चित्रण होऊ लागले. काशानच्या कुंभार घराण्यातील अबुल कासिम याने १३०१ मधील आपल्या ग्रंथात कोबाल्टचे उगमस्थान म्हणून जवळच्या कमसर गावाचा निर्देश केला आहे. चौदाव्या शतकात चीनमधील जिंगदजन येथील पोर्सलीनवर वापरलेला कोबाल्टही बहुधा इराणी होता. पंधराव्या शतकापासून इराणी व तुर्की कुंभार त्याच पोर्सलीनच्या प्रतिकृती करू लागले.