वाटणीपत्रातलं घर

मराठवाड्यातल्या रेणापूरकडच्या जुन्या शेतकरी घरांचा इतिहास मृत्युपत्रांत शोधू नये. हिंदू कायद्याच्या मिताक्षरा परंपरेत एकत्र कुटुंबातला आपला वाटा मृत्युपत्राने देता येत नसे. ती मुभा १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने दिली. इंग्लंडमध्ये शेतकरी वारला की शेजारीपाजारी त्याच्या गुराढोरांची, भांड्याकुंड्यांची किंमतवार यादी करत. आपल्याकडे तसा तपशील मिळालाच तर वाटणीपत्रात मिळतो: कोणता बैल कुणाला, विहिरीच्या पाण्याची पाळी कशी, गोठा कुणाकडे. त्यात बायका दिसत नाहीत, हा आक्षेप रास्तच. पण आईच्या अन्नवस्त्राची तजवीज कुणी करायची, हे कलम नीट वाचावं. तिचं घरातलं स्थान तिथेच कळतं. निजामाच्या काळातले असे मोडी-उर्दू कागद वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत घालू नका, जाणकाराला दाखवा.