ऑनलाईन खरेदी संकेतस्थळांवरील माहिती-संकलन

ऑनलाईन खरेदी संकेतस्थळांवरील माहिती-संकलन म्हणजे वस्तूंची विक्री करणाऱ्या संकेतस्थळांनी व मोबाईल ॲपांनी आपल्याकडे येणाऱ्या व्यक्तीची ओळख, पत्ता, उपकरण आणि वर्तन यांच्या नोंदी ठेवण्याची व त्यांच्या आधारे तिचा माग ठेवण्याची प्रक्रिया होय. या माहितीचे तीन प्रकार पडतात : ग्राहकाने स्वतः दिलेली, त्याच्या नकळत नोंदली गेलेली आणि या दोहोंवरून अनुमानाने काढलेली. या नोंदी होण्यासाठी वस्तू विकत घेणे आवश्यक नसते. पाहून परत जाणाऱ्याचीही नोंद होते.

ग्राहकाने दिलेली माहिती

नाव, मोबाईल क्रमांक, पत्ता, पैसे देण्याची पद्धत, वस्तूंवरील अभिप्राय आणि शोधपेटीत लिहिलेले शब्द ही माहिती ग्राहक स्वतः देतो. यांत पिनकोडला विशेष महत्त्व आहे. वस्तू त्या ठिकाणी पोहोचेल की नाही, किती दिवसांत पोहोचेल, वस्तू मिळाल्यावर रोख पैसे देता येतील की नाही, हे त्यावरून ठरते.

परभणी शहरातील ग्राहक ४३१४०१ हा पिनकोड लिहितो. त्यातील ४ हा अंक महाराष्ट्राचा समावेश असलेला टपाल विभाग, ४३१ हे पहिले तीन अंक टपालाच्या वर्गवारीचे क्षेत्र आणि शेवटचे तीन अंक वितरण करणारे टपाल कार्यालय दर्शवतात. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक मानले जाणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्र शासनातील अधिकारी व संस्कृत कवी होते. पत्रांच्या वर्गवारीसाठी आखलेला हा क्रमांक आज ग्राहकाचा ठावठिकाणा सांगणारी खूण झाला आहे. मोबाईल इंटरनेटवर आयपी पत्त्यावरून काढलेले ठिकाण पुष्कळदा प्रत्यक्ष गावाऐवजी दूरच्या मोठ्या शहराचे दिसते. त्यामुळे ग्राहकाने स्वहस्ते लिहिलेला पिनकोड विक्रेत्याला अधिक विश्वसनीय वाटतो.

नकळत घेतली जाणारी माहिती

संकेतस्थळ उघडताच ब्राउझर आयपी पत्ता, उपकरणाचा प्रकार आणि भाषा यांसारखे तपशील सर्व्हरकडे पाठवतो. त्यानंतर कोणते पान उघडले, ते किती वेळ पाहिले, कोणत्या वस्तूचे छायाचित्र मोठे केले, कोणती वस्तू कार्टमध्ये टाकून सोडून दिली, यांच्या नोंदी होत जातात. ग्राहक ओळखण्यासाठी पुढील साधने वापरली जातात.

कुकी : ही संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेली लहानशी नोंद असते. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी ती तयार केली. वेबची मूळ रचना विसराळू आहे. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलेली व्यक्ती तीच आहे, हे सर्व्हरला आपोआप कळत नाही. देवळाबाहेर चपला ठेवताना मिळणाऱ्या क्रमांकाच्या बिल्ल्यासारखे कुकीचे काम असते. बिल्ल्यावर केवळ क्रमांक असतो. त्या क्रमांकाच्या नावे काय ठेवले आहे, हे ठेवणाऱ्याला ठाऊक असते.

त्रयस्थ कुकी : ही कुकी संकेतस्थळाची स्वतःची नसून त्यावर जाहिरात करणाऱ्या अन्य कंपनीची असते. गावातील प्रत्येक देवळाबाहेर एकाच माणसाने तोच बिल्ला तपासला, तर कोण कोठे जातो हे त्याला सहज कळेल. एका संकेतस्थळावर पाहिलेली साडी दुसऱ्या दिवशी बातम्यांच्या पानावर जाहिरातीत दिसते, ती बहुधा अशा साधनांमुळे. सफारी व फायरफॉक्स या ब्राउझरांनी अशा कुकींवर निर्बंध घातले आहेत. गुगलने क्रोममधून त्या हद्दपार करण्याची योजना २०२० मध्ये जाहीर केली होती; ती जुलै २०२४ मध्ये सोडून दिली.

पिक्सेल : पानात किंवा ईमेलमध्ये बसवलेले, डोळ्यांना न दिसणारे एका ठिपक्याएवढे चित्र. ते उघडले जाताच पाठवणाऱ्याकडे नोंद होते.

ब्राउझरचा ठसा : पडद्याचा आकार, अक्षरसंच, आवृत्ती इत्यादी तपशिलांच्या जुळणीवरून उपकरण ओळखणे. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तपासलेल्या ब्राउझरांपैकी ८३.६ टक्के ब्राउझरांचा ठसा इतर कोणाशीही जुळत नव्हता. कुकी पुसल्याने हा ठसा पुसला जात नाही.

उपयोग व अनुमान

साठवलेल्या माहितीचा पहिला उपयोग शिफारशींसाठी होतो. एक वस्तू घेणाऱ्यांनी सोबत आणखी काय घेतले, यावरून शिफारस करण्याची ॲमेझॉनची पद्धत तिच्या अभियंत्यांनी २००३ मध्ये शोधनिबंधाद्वारे मांडली होती. जाहिराती, साठ्याचे नियोजन आणि फसवे व्यवहार ओळखणे हे इतर उपयोग होत.

अनुमानांमुळे प्रश्न अधिक नाजूक होतो. लहान बाळाचे कपडे, मधुमेहाची उपकरणे किंवा स्पर्धा परीक्षांची पुस्तके यांच्या शोधावरून घरातील परिस्थितीचा अंदाज बांधता येतो. अनेक कुटुंबांत एकच मोबाईल सर्व जण वापरतात. अशा वेळी सर्वांच्या नोंदी एकत्र मिसळतात आणि एकाने खासगीपणे शोधलेली वस्तू दुसऱ्याला जाहिरातीतून कळू शकते.

माहितीची गळती हा दुसरा धोका आहे. बिगबास्केट या किराणा विक्री कंपनीच्या सुमारे २ कोटी ग्राहकांची माहिती बाहेर गेल्याचे नोव्हेंबर २०२० मध्ये उघड झाले. तीत ईमेल, दूरध्वनी क्रमांक व पत्ते यांचा समावेश होता. असे तपशील हाती लागलेला भामटा बनावट दूरध्वनी करताना सहज विश्वास संपादन करू शकतो.

कायदेशीर स्थिती

न्या. के. एस. पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेले न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जुलै २०१८ मध्ये आपला अहवाल व विधेयकाचा मसुदा सादर केला. पुढे बराच बदल होऊन डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून संमतीविषयीच्या मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांचा अवधी ठेवण्यात आला आहे.

या कायद्यानुसार माहिती घेण्यापूर्वी तिचा हेतू स्पष्ट सांगावा लागतो. ही सूचना इंग्रजीत अथवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय ग्राहकाला द्यावा लागतो. ॲमेझॉनने २०२१ मध्ये मराठीतून खरेदीची सोय केली. तथापि खरेदीचा पडदा मराठीत असणे आणि संमतीची सूचना मराठीत असणे या भिन्न गोष्टी आहेत. ज्या मजकुराचा अर्थ कळला नाही, त्याला दिलेली मान्यता ही नावापुरतीच संमती ठरते.

संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे. माहिती दुरुस्त करून घेण्याचा व पुसून टाकण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनाचा माग ठेवण्यास व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई आहे. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. दोन कोटी किंवा अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या विक्री मंचांनी तीन वर्षे न फिरकलेल्या ग्राहकाची माहिती साधारणपणे पुसावी, असेही नियमांत म्हटले आहे.

युरोपीय संघात असा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे. संमतीविना कुकी ठेवल्याबद्दल फ्रान्सच्या नियामक संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये ॲमेझॉनला ३.५ कोटी युरोंचा दंड केला.

ग्राहकाच्या हातातील उपाय

ब्राउझरच्या सेटिंगमध्ये त्रयस्थ कुकी बंद करता येतात व जुन्या पुसता येतात. ॲपला संपर्कयादी, मायक्रोफोन किंवा ठिकाण यांची परवानगी नाकारली तरी खरेदी बहुधा होऊ शकते. ब्राउझरच्या खासगी खिडकीत पाहिलेल्या पानांचा इतिहास उपकरणावर राहत नाही. संकेतस्थळाला व इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीला मात्र भेट कळतेच. पार्सलवरील नाव-पत्त्याची चिठ्ठी फाडून टाकणे हाही साधा परंतु उपयुक्त उपाय आहे. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवता येते.