आकडा बरोबर, जागा चुकीची

शाळेच्या संकेतस्थळावर स्नेहसंमेलनाचे फोटो चढवायचे आहेत. वर्डप्रेसच्या पानावर बारीक अक्षरांत मर्यादा दिसते: २ एमबी. मोबाइलवर काढलेला एकच फोटो बहुतेक वेळा याहून मोठा भरतो. संकेतस्थळ सांभाळणारे सर सर्व्हरवरची 'पीएचपी डॉट आयएनआय' ही फाइल शोधतात, २ चे २० करतात आणि पान पुन्हा उघडतात. तिथं अजून २ एमबीच!

पीएचपी ही भाषा रास्मुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये लोकांसमोर आणली. वर्डप्रेस तिच्यातच लिहिलेलं आहे आणि मराठी विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकीही. पण तिच्या सेटिंग्ज एकाच जागी नसतात, आणि सरांची गाडी अडते ती इथंच. उबुंटूच्या सर्व्हरवर 'पीएचपी डॉट आयएनआय' नावाच्या दोन-तीन फायली सहज सापडतात: एक अपाचे या वेब सर्व्हरसाठी, एक पीएचपी स्वतंत्रपणे चालवणाऱ्या एफपीएमसाठी, एक कमांड लाइनसाठी. नाव तेच, फोल्डर वेगळं. सरांनी बदलली ती कमांड लाइनची. संकेतस्थळ तिच्याकडे बघतही नाही.

म्हणून फायलीला हात लावण्याआधी सर्व्हरलाच विचारावं. 'पीएचपीइन्फो' हे फंक्शन असलेली एका ओळीची फाइल ब्राउझरमध्ये उघडली, की कुठली आयएनआय फाइल वाचली गेली तिचा पूर्ण पत्ता समोर येतो. ही दोन मिनिटं वाचवायला जाऊन लोकांच्या अख्ख्या दुपारी गेल्या आहेत.

बरं, योग्य फाइल सापडली तरी बदल लगेच दिसत नाही. ती सर्व्हर सुरू होताना वाचली जाते. त्यामुळे अपाचे किंवा एफपीएम पुन्हा सुरू करावं लागतं.

भाड्याच्या होस्टिंगवर मुख्य फाइल हाताला लागतच नाही. तिथं आपल्या संकेतस्थळाच्या फोल्डरमध्ये 'डॉट यूजर डॉट आयएनआय' ठेवता येते. ही सोय २००९ च्या ५.३ आवृत्तीपासून आहे. मात्र पीएचपी सीजीआय किंवा एफपीएमच्या मार्गानं चालत असेल तरच. सर्व्हर ही फाइल एकदा वाचली की ३०० सेकंद तीच धरून चालतो, म्हणून बदल केल्यावर पाच मिनिटं थांबावं. पीएचपी अपाचेच्याच पोटात चालत असेल, तर त्याच ओळी 'डॉट एचटीअ‍ॅक्सेस'मध्ये 'पीएचपी_व्हॅल्यू' लावून लिहितात. हीच ओळ एफपीएमच्या सर्व्हरवर चिकटवली, तर फोटो राहिले बाजूला, अख्खं संकेतस्थळ ५०० क्रमांकाची चूक दाखवून बंद पडतं.

'आयएनआय_सेट' वापरून सेटिंग प्रोग्रॅममध्येच का लिहू नये? काही सेटिंग्ज तशा चालतात, उदाहरणार्थ मेमरीची मर्यादा. फोटोच्या आकाराची चालत नाही, कारण प्रोग्रॅमची पहिली ओळ सुरू होईपर्यंत फोटो येऊन नाकारलाही गेलेला असतो. पाहुणे दारातून परत गेल्यावर पाट मांडून काय उपयोग?

फोटोच्या मर्यादेला एक जोडीदारही आहे. 'अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ' एका फायलीपुरती असते, तर 'पोस्ट_मॅक्स_साइझ' अख्ख्या फॉर्मची. ती मुळात ८ एमबी. पहिली २० केली आणि दुसरी विसरली, तर मोठा फोटो जोडलेला फॉर्म प्रोग्रॅमच्या हाती कोरा पोचतो: नाव नाही, पत्ता नाही, काहीच नाही. आणि आकडा लिहिताना '२०एम' एवढंच लिहावं. '२०एमबी' लिहिलं तर शेवटचं 'बी' पीएचपीला कळत नाही आणि ती २० बाइट धरून चालते. आवृत्ती ८.२ पासून निदान इशारा तरी मिळतो. त्याआधी तोही नव्हता.

सर्व्हर स्वतःचा असेल, तर मूळ फाइल खरडण्यापेक्षा 'कॉन्फ डॉट डी' फोल्डरमध्ये आपली छोटी फाइल ठेवणं केव्हाही चांगलं. तिथल्या फायली नावाच्या क्रमानं वाचल्या जातात आणि नंतरची आधीचीवर मात करते, म्हणून नावाची सुरुवात ९९ नं करावी. आपण काय बदललं ते चार ओळींत दिसतं, आणि उद्या सर्व्हर दुसऱ्याच्या हाती गेला तरी त्याला शोधत बसावं लागत नाही.

काम झालं, की ती 'पीएचपीइन्फो'ची फाइल आठवणीनं पुसून टाका. सर्व्हरची सगळी माहिती त्या एका पानावर असते आणि पत्ता ठाऊक असलेल्या कुणालाही ती वाचता येते.