चौघांच्या सह्या, एकाचे काम

संगणकशास्त्राच्या अंतिम वर्षाला तीन-चार विद्यार्थ्यांच्या गटाने एक प्रकल्प करावा, हा प्रघात आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून आता चांगलाच रुळला आहे. हेतू स्तुत्य आहे. पण प्रत्यक्षात पुष्कळदा काय घडते? एखादा हुशार विद्यार्थी रात्री जागवून आज्ञावली लिहितो, दुसरा अहवालाची बांधणी करून आणतो आणि उरलेले दोघे तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी चार वाक्ये पाठ करतात. गुण मात्र चौघांना सारखेच! यात हुशार विद्यार्थ्यावर होणारा अन्याय उघड आहे. तथापि त्याचे खरे नुकसान निराळेच आहे. आपले काम दुसऱ्याला समजावून सांगण्याची वेळच त्याच्यावर येत नाही.

ही उणीव किरकोळ नव्हे. आयबीएमच्या ओएस/३६० या प्रचंड प्रणालीचे काम सांभाळलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' या ग्रंथात सांगून ठेवले की, रखडलेल्या कामावर आणखी माणसे लावली तर ते अधिकच रखडते. चौघांत परस्परसंवादाच्या ६ वाटा असतात. आठ जण झाले की त्या २८ होतात. १९९९ साली नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापाशी नष्ट झाले, ते एका गटाची आज्ञावली पौंडाच्या मापात आकडे देत होती आणि दुसरा गट ते न्यूटनचे समजत होता म्हणून. दोन्हीकडची माणसे आपापल्या विषयात पारंगतच होती.

गंमत अशी की, हीच मुले गावच्या जत्रेतील नाटकाला महिना-महिना तालमी करतात, एकमेकांच्या चुका तोंडावर सांगतात, प्रसंगी दुसऱ्याची भूमिकाही निभावतात. महाविद्यालयात मात्र तालीम कोणी घेत नाही. थेट प्रयोगच पाहिला जातो.

तेव्हा शिक्षकांनी दर पंधरवड्याला गटाला समोर बसवावे आणि एकाने लिहिलेला भाग दुसऱ्याला समजावून सांगावयास लावावा. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद ठेवणारे 'गिट' हे साधन २००५ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. ती नोंद परीक्षकांनी अवश्य पाहावी. अर्थात केवळ ओळी मोजून भागणार नाही, कारण दुसऱ्याची चूक वेळीच हेरणाऱ्याच्या नावावर ओळी थोड्याच असतात. त्यालाही गुण मिळावयास हवेत, आणि तशी तरतूद विद्यापीठांनी पुढील वर्षाच्या गुणपत्रकातच करावी. विद्यार्थी गुणपत्रकाकडे पाहूनच कामाला लागतात, हे शिक्षकांना सांगावयास नको.