सत्तर हजारांची दमणूक

योकोहामा, ऑगस्ट २०२३

आमच्या ऑफिसात हिशेबखात्यात एक बाई आहेत. वय चौपन्न. त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकलेला नाही. साधी पावती द्यायची तरी दोन्ही हातांनी देतात. एका सकाळी लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. त्यांनी आवाज आणखी खाली आणून विचारलं, "लढाईवर येणार का?"

लढाई म्हणजे रॉक बँडचा कार्यक्रम. इथले चाहते कार्यक्रमाला 'जात' नाहीत, 'सान्सेन' करतात, म्हणजे युद्धात उतरतात. दुसऱ्या शहरातला कार्यक्रम असेल तर ती 'एन्सेइ', म्हणजे स्वारी. बाईंच्या स्वाऱ्या सप्पोरोपासून फुकुओकापर्यंत झालेल्या आहेत आणि त्या सगळ्या एकाच बँडसाठी. त्याचं नाव बीझ.

तुमच्यापैकी फारच थोड्यांनी हे नाव ऐकलं असेल. माणसं दोनच. ताक मात्सुमोतो गिटार वाजवतात, कोशी इनाबा गातात. पहिली रेकॉर्ड २१ सप्टेंबर १९८८ला आली. तेव्हापासून जपानात त्यांच्या आठ कोटींहून जास्त रेकॉर्डी खपल्या. मात्सुमोतोंना २०११मध्ये गिटारवादक लॅरी कार्लटनबरोबरच्या अल्बमसाठी ग्रॅमी मिळालं. एवढं असून ते जगाला माहीत नाहीत याचं कारण साधं आहे. अमेरिकेखालोखाल संगीताची सगळ्यात मोठी बाजारपेठ जपानची. घरातच पोट भरत असेल तर परदेशाची दारं कशाला ठोठावायची? जपानी गाड्या जगभर धावल्या, जपानी रॉक मात्र बराचसा घरातच राहिला.

तिकिटं सोडतीनं निघतात. बाई तीस वर्षं फॅन क्लबच्या सभासद आहेत, पण त्यांनाही अर्ज करून निकालाची वाट बघावी लागते. लागलं तर लागलं. बरोबर येणाऱ्याचं नावही आधी कळवायचं, म्हणजे ऐनवेळी भाचा आजारी पडला म्हणून पुतण्याला पाठवता येत नाही. धंदा म्हणून चढ्या भावानं तिकिटं विकणाऱ्यावर २०१९पासून कायदा आहे: वर्षभरापर्यंत कैद, नाहीतर दहा लाख येनपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यंदा आम्हाला जागा मिळाली ती अगदी वरच्या मजल्यावर, जवळजवळ छताखाली. मी म्हटलं, तीस वर्षांच्या निष्ठेचं हेच फळ का? बाईंना प्रश्नच कळला नाही. "सोडत आहे ना," त्या म्हणाल्या. वशिला नावाची गोष्ट त्यांना समजावून सांगायचा विचार मनात आला होता, पण जपानी शब्द सापडेना. तो नक्की असणार, मला शिकवलेला नाही इतकंच.

कार्यक्रम निस्सान स्टेडियमवर होता. २००२च्या फुटबॉल विश्वचषकाची अंतिम लढत जिथं झाली तेच हे मैदान; सत्तर हजारांवर माणूस मावतो. शिन-योकोहामा स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटं. आपल्याकडे श्रावणसरी असतात तेव्हा इथं अंगाला चिकटणारा दमट उकाडा असतो, घामाच्या बाबतीत डोंबिवलीची आठवण यावी असा. पण कार्यक्रम संध्याकाळी आणि आम्ही पोचलो दुपारी एकला, कारण टॉवेल घ्यायचा होता. गळ्यात घालायचा लांबट टॉवेल, त्यावर त्या वर्षीच्या दौऱ्याचं नाव. त्यासाठी रांग, रांगेत ढकलाढकली नाही. ज्याच्या टी-शर्टावरचं साल जुनं तो मानकरी. नव्वदच्या दशकातला विटलेला शर्ट घालून एक गृहस्थ चालले होते, तर लोक वाट देत होते. शिवाय बँडचं सामान वाहणाऱ्या ट्रकसमोर फोटो काढून घ्यायची एक वेगळी रांग होती. तिथंही आम्ही उभे राहिलो.

रांगेत बाईंनी मला त्सुयामाची गोष्ट सांगितली. ओकायामा प्रांतातलं हे छोटं शहर, इनाबांचं गाव. तिथं त्यांच्या घरच्यांचं सौंदर्यप्रसाधनांचं दुकान आहे. देशभरचे चाहते तिथं जातात, तेही काहीतरी विकत घेऊनच परततात. रिकाम्या हातानं दुकानात डोकावणं बरं दिसत नाही. बाईंनी तिथून आणलेली लिपस्टिक अजून उघडलेली नाही.

या बँडच्या कार्यक्रमांचं नावच मुळी 'लाइव्ह-जिम' आहे. म्हणजे बसून ऐकायचं नाही, अंग मोडायचं. इनाबा मंचावर आले (वय अठ्ठावन्न, पळणं विशीतलं) आणि 'लाइव्ह-जिममध्ये स्वागत' म्हणाले, तशी माझ्या शेजारच्या हिशेबखात्यानं अशी काही किंकाळी फोडली की मी दचकून त्यांच्याकडे बघतच राहिलो.

त्या किंकाळीला तीन वर्षांचं व्याज चढलेलं होतं. करोनाच्या काळात इथं कार्यक्रम पुढं सुरू झाले, पण श्रोत्यांनी तोंडातून आवाज काढायचा नाही या अटीवर. फक्त टाळ्या. ती अट उठली यंदाच्या जानेवारीअखेर. गेल्या वर्षीच्या दौऱ्यात बाई गेल्या होत्या. मास्क लावून, हात उंचावून, गप्प. अडीच तास. एकाही माणसानं नियम मोडला नाही का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मोडला असता तर पुढचा कार्यक्रम झाला नसता." मग थोडं थांबून, "घरी जाऊन उशीत तोंड खुपसून ओरडले."

मला ओळखीचं एक गाणं लागलं तसा मीही सूर लावला. कोपराला हलकेच स्पर्श झाला. गाण्यात ओरडायच्या जागा ठरलेल्या आहेत आणि मधल्या जागा गायकाच्या. शेजारच्यानं पैसे इनाबांना ऐकायला दिलेत, मला नाही. हे त्या बोलल्या नाहीत, पण कोपराला कळलं. खरं सांगतो, राग आला. रॉक ऐकायला आलो की शाळेच्या कवायतीला? २०१९च्या डिसेंबरात मी सुटीवर असताना नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर यू-टू आले होते. तिथं अख्खं मैदान बेसूर गात होतं, मीही. अर्थात तिथं मी त्यांच्या गायकाला, बोनोला, निम्मा वेळ पुढच्या माणसाच्या मोबाइलमध्ये पाहिलं हेही खरं. इथं फोटोला मनाई. सत्तर हजारांत एकही उजळलेला पडदा नाही. अंधार पडल्यावर ते इतकं विचित्र वाटलं की मी उगाच आपला खिसा चाचपला.

मग 'उल्ट्रा सोल' सुरू झालं. २००१च्या फुकुओकातल्या जागतिक जलतरण स्पर्धेसाठी केलेलं हे गाणं आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे. त्यात एका शब्दानंतर सगळ्यांनी 'हाय!' म्हणत उडी मारायची. एकच उडी, एकाच ठोक्याला. वरच्या मजल्यावरून खाली पाहिलं तर मैदानच उचललं गेल्यासारखं दिसलं. गळ्यातली शिर ताणलेल्या, घामानं निथळणाऱ्या, पुढच्या जागेची वाट बघत थरथरणाऱ्या बाई माझ्या शेजारी होत्या. ताल चुकला तो माझाच, आणि त्या उडीत मी अर्ध्या ठोक्यानं एकटा हवेत राहिलो. दुसऱ्या वेळी चुकलो नाही. कवायतीबद्दलचा माझा राग कुठं गेला ते मला सांगता येणार नाही.

शेवट ठरलेला आहे. इनाबा म्हणतात, "से-नो…" म्हणजे आपलं साडेमाडे तीन. आणि सगळं मैदान एकदम ओरडतं, "ओत्सुकारे!" शब्दशः अर्थ 'दमणूक'. जपानी ऑफिसात संध्याकाळी निघताना प्रत्येक जण प्रत्येकाला हेच म्हणतो: तुम्ही दमलात, कष्ट केलेत. गाणाऱ्यानं ऐकणाऱ्याला म्हणायचं, ऐकणाऱ्यानं गाणाऱ्याला. आभार नाहीत, निरोप नाही. सगळ्यांनी मिळून एक काम उरकलं.

त्यानंतर भोंग्यावरून कोणत्या विभागानं कधी उठायचं याच्या सूचना सुरू झाल्या. आमची पाळी बऱ्याच वेळानं आली. तोवर कुणी जागचं हललं नाही. बाईंनी टॉवेलची घडी घातली, पायाखालची रिकामी बाटली पिशवीत टाकली, माझीही टाकली. गाडीत त्या उभ्या उभ्या झोपल्या.

सोमवारी संध्याकाळी लिफ्टमध्ये पुन्हा आम्ही दोघं. त्या नेहमीसारख्या किंचित वाकल्या आणि "ओत्सुकारे-सामा देस" म्हणाल्या, ऑफिसात लागतं ते सगळं आदरार्थी शेपूट लावून. आवाज मात्र पार बसला होता.